शिवेवरच्या आईचा रकाना

एप्रिल उजाडला की मला इंग्लंडची आठवण येते. मी इंग्लंड पाहिलेलं नाही. पासपोर्ट काढलाय, तो कपाटात कोराच्या कोरा पडून आहे. तरीही चिंचवडहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमधून रस्त्याकडेच्या करंजांना फुटलेली पोपटी, तेल लावल्यासारखी चकाकणारी पालवी दिसली, की मला हजार वर्षांपूर्वीचे इंग्लंडातले शेतकरी आठवतात. त्यांच्या मागोमाग माझी पारूआत्या आठवते. मग मी खिडकीचा पडदा ओढून घेते. शेजारची बाई विचारते, "ऊन लागतंय का?" मी हो म्हणते.

ऊन लागत नसतं. लाज वाटत असते. दोन वर्षं झाली, पण चैत्र आला की ती नव्यानं फुटते. बाकी वर्षभर कामाच्या रगाड्यात निभावून जातं.

मी ज्या कंपनीत प्रशासन विभागात आहे, ती आमच्याच शेतात उभी आहे. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनतात तिथे; मूळ कंपनी इंग्लंडातली. माझं टेबल आहे तिथं पूर्वी आमचा हरभरा असायचा. मी शाळेत असताना जमीन गेली, वडिलांनी चिंचवडला बिऱ्हाड केलं, आणि पुढं शिकूनसवरून मी त्याच जमिनीवर गळ्यात ओळखपत्र अडकवून कामाला आले. हे मी ऑफिसात कुणाला फारसं सांगत नसे. सांगितलं की लोक 'अरे वा' म्हणतात, आणि त्या 'अरे वा'मध्ये काहीतरी असं असतं की आपली मराठी एकदम गावाकडची वाटायला लागते.

शेताच्या वरच्या अंगाला, शिवेवर, करंजाखाली एक दगड होता. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावून गुळगुळीत झालेला, लहान मुलासारखा कडेवर घेता येईल एवढाच. गावात मरीआई होती, म्हसोबा होता, भैरवनाथ होता; ही सगळी नावागावाची मंडळी. हिला नाव नव्हतं. आमच्या घरातले लोक तिला नुसतं 'शिवंवरची आई' म्हणायचे, आणि तिचं सगळं करायची ती वडिलांची थोरली बहीण, पारूआत्या. तिचा नवरा लग्नानंतर दोनच वर्षांत गेला. ती माहेरी परत आली ती कायमचीच. घरात तिचा शब्द कुठं चालायचा नाही. पण चैत्रातल्या पहिल्या मंगळवारी मात्र अख्खं घर तिच्या तोंडाकडं बघायचं.

त्या दिवशी घरात जितकी म्हणून धान्यं असतील, त्या प्रत्येकाची एकेक मूठ दळली जायची. ज्वारी, बाजरी, गहू, हरभरा, तळाला उरलेली नाचणीसुद्धा. त्या मिसळीच्या पिठाची तिरंगी-चौरंगी, काठाला चिरा गेलेली जाड भाकर व्हायची. गोठ्यातल्या प्रत्येक जनावराचं चमचा चमचा दूध एका वाटीत घ्यायचं. आणि शेताच्या चारी कोपऱ्यांतून चार ढेकळं आणायची. हे काम माझ्याकडं असे. फ्रॉकच्या घोळात ढेकळं घेऊन मी पळत यायची, निम्मी वाटेतच फुटायची, आणि आत्या ओरडायची, "अगं आई हाय ती, आपटू नगं!" ढेकळं दगडापुढं मांडून त्यांवर दूध शिंपायचं, भाकर तिथंच मातीत पुरायची. पेरणीच्या वेळी औताचं पहिलं तास तिथूनच निघायचं. हे सगळं झालं की आत्या डोळे मिटून बराच वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची. आमचं लक्ष त्याच पिठाच्या दुसऱ्या भाकरीकडं असायचं. ती गुळाबरोबर आम्हाला मिळायची. आत्या काय पुटपुटते, हे कधी विचारावंसंही वाटलं नाही.

जमीन गेली तरी दगड राहिला. तो मागच्या कुंपणाच्या आत, स्क्रॅपयार्डच्या कडेला होता, कुणाच्या पायात येत नव्हता. सुरुवातीच्या साहेबांनी वर्षातून एकदा आत्याला आत सोडायला हरकत घेतली नाही. मी नोकरीला लागल्यावर तिचा गेटपास मीच बनवू लागले. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात मी 'वैयक्तिक' असं लिहीत असे. मग सुरक्षेचे नियम कडक झाले आणि आत्याला नऊवारीवर पिवळं हेल्मेट आणि पायात दोन आकडे मोठे बूट घालून आत जावं लागे. एकदा ती म्हणाली, "सुमे, आई वळखंल का गं मला ह्या टोपड्यात?" फोर्कलिफ्टवाला हसला. मीही हसले, पण त्याच्याकडं बघून हसले, तिच्याकडं बघून नाही. ती मात्र निर्धास्त. शेताचे चारही कोपरे तिला पाठ होते: एक कॅन्टीनच्या भिंतीपाशी, एक सिक्युरिटी केबिनमागं, एक ट्रक लागतात तिथं, आणि चौथा कुंपणाबाहेरच्या गटाराजवळ. ढेकूळ कसलं मिळतंय. नखानं खरवडून चिमूटभर माती घ्यायची. चिमटी घेताना ट्रकवाल्याला म्हणायची, "भावा, जरा गाडी मागं घे, माजा बांध हाय खाली." आणि तो घ्यायचा.

तीन हिवाळ्यांपूर्वी स्क्रॅपयार्डच्या जागी तयार मालाचं गोदाम बांधायचं ठरलं. सल्लागारांचं आठ पानी तपशीलपत्रक आलं, ते भरायचं काम माझ्याकडं. झाडं किती, बोअर किती, जुनं बांधकाम काय. सहाव्या पानावर प्रश्न होता: जागेत प्रार्थनास्थळ किंवा रूढीनं वापरात असलेलं ठिकाण आहे का? असल्यास देवतेचं नाव, नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची नावं. मी पेन हातात धरून बसले. नाव नाही. नोंदणी नाही. विश्वस्त म्हणून कुणाला दाखवू, पारूआत्याला? आमच्या खात्यात रकाना मोकळा ठेवायचा नसतो, ही पहिल्या दिवसापासूनची शिकवण. मी 'निरंक' लिहिलं आणि खाली सही केली.

नंतर मी स्वतःची समजूत घातली, की नावच नव्हतं तर लिहिणार काय. हे खोटं आहे. बाजूला दोन ओळी लिहिता आल्या असत्या, कागदावर जागा होती. खरं कारण एवढंच, की त्यानंतर मला प्रकल्पप्रमुखांच्या केबिनमध्ये जाऊन सांगावं लागलं असतं, "साहेब, तिथं आमची देवी आहे." 'देवी' म्हणायला मला काही वाटलं नसतं. 'आमची' म्हणायला जीभ रेटेना. दगड गावात हलवू, चुलतभाऊ बाळूदादाला सांगू, वेळ आहे अजून, असं मनाशी म्हटलं आणि फाईल बंद केली. बाळूदादाला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी राहू दिलं.

फेब्रुवारीत वरून मेल आला. इंग्लंडची माणसं आणि आपली माणसं यांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून एप्रिलमध्ये 'ओळख सप्ताह' साजरा करायचा. कुणी तिकडच्या खाण्यावर बोलायचं, कुणी क्रिकेटवर. माझ्या वाट्याला तिकडचे वसंतोत्सव आले. मला शाळेपासून निबंधाचं वेड. मी कंबर कसली. दीड महिना बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, स्वयंपाक करता करता फोनवर मी वाचत होते.

आणि मी खरंच रमले. इंग्लंडात येशूचा धर्म पोचायच्या आधी तिथल्या लोकांचे स्वतःचे देव होते, स्वतःचे महिने होते. एप्रिलच्या आसपासच्या महिन्याला ते एका देवीचं नाव देत, एओस्त्रं असं काहीसं. आजच्या ईस्टरला इंग्रजीत जे नाव आहे, ते तिच्यावरून आलं म्हणतात. पण तिच्याविषयी पुरावा काय? तेराशे वर्षांपूर्वीच्या एका ख्रिस्ती साधूनं कालगणनेच्या ग्रंथात जाता जाता लिहिलेल्या दोनच ओळी: आपले पूर्वज या महिन्यात या देवीचा सण करत, म्हणून महिन्याला हे नाव. बस. ती दिसायची कशी, तिला काय आवडायचं, तिचं देऊळ कुठं होतं, काही नाही. इंटरनेटवर तिच्या मांडीवर ससा आहे, हातात रंगीत अंडी आहेत. जुन्या कागदात ससाही नाही आणि अंडंही नाही. ते सगळं नंतरच्यांनी हौसेनं चिकटवलेलं. काही विद्वान तर म्हणतात, देवीच नव्हती, साधूनं तर्क लढवला. मग जर्मनीत एका गावाजवळ खोदताना शे-दीडशे दगड निघाले, त्यांच्यावर कोरलेलं मातृदेवतांचं नाव हिच्या नावाशी जुळणारं. तेव्हा लोक जरा सावध झाले. मला त्या साधूचं फार कौतुक वाटलं. त्याचा धर्म वेगळा, तिच्यावर त्याचा विश्वास असायचं कारणच नाही. तरी त्यानं तिला आपल्या वहीत घेतलं.

दुसरी गोष्ट सापडली ती तर मला झोपू देईना. हजार वर्षांपूर्वीच्या एका हस्तलिखितात नापीक शेत बरं करायचा विधी आहे. शेताच्या चार बाजूंनी मातीचे चार तुकडे काढायचे, गवतासकट. त्यांवर तेल, मध, आणि त्या जमिनीवर चरणाऱ्या प्रत्येक जनावराचं दूध घालायचं. ते चर्चमध्ये नेऊन पाद्र्याकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची आणि दिवस मावळायच्या आत परत जागच्या जागी बसवायचे. भिकाऱ्याकडून बी मागून घ्यायचं आणि त्याला दुप्पट द्यायचं. धरतीमातेला हाक मारायची. आणि प्रत्येक धान्याचं पीठ घेऊन, दुधात मळून, भाकर भाजायची आणि नांगराच्या पहिल्या तासाखाली ठेवायची. नवा धर्म आणि जुनी श्रद्धा एकाच परातीत मळलेली.

हे वाचताना मला शिवंवरची आई आठवली का? आठवली. अंगावर काटा आला. मी फोन बाजूला ठेवला, पुन्हा उचलला, आणि त्या विधीवर तीन स्लाइड केल्या, चित्रांसकट. आपल्यावर एकही केली नाही. विषयात बसत नव्हतं.

माझं भाषण ठरलं तो मंगळवार होता, चैत्रातला पहिला. ते मला ठाऊक होतं. इंग्लंडच्या पाहुण्यांमुळं त्या आठवड्यात बाहेरच्या माणसांना प्रवेश बंद होता, म्हणून आत्याचा गेटपास केला नव्हता. आणि गोदामाचं काम बुधवारी सकाळी सुरू व्हायचं होतं. त्या वेळापत्रकावरही माझीच सही होती. मंगळवारी बोलताना हे माझ्या ध्यानात होतं की नव्हतं, हे मी आजही स्वतःला छातीठोकपणे सांगू शकत नाही.

भाषण उत्तम झालं. चार मातीच्या तुकड्यांपाशी हॉल अगदी चिडीचूप झाला. इंग्लंडहून आलेल्या हेलनबाई, साठीच्या, मऊ बोलणाऱ्या, पुढं वाकून ऐकत होत्या. म्हणाल्या, हे तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. मग त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "तुमच्याकडे असं काही आहे का? इथे, या भागात?"

मी म्हणाले, "पूर्वी असेल कुठं खेड्यापाड्यात. आता कोणी करत नाही."

टाळ्या झाल्या. आणि तेवढ्यात हॉलमधला इंटरकॉम वाजला. गेटवरचे शिंदे होते. "मॅडम, गेटवर एक आजी आल्यात. तुमचं नाव घेत्यात. काखेत गाठोडं हाय."

मी आवाज खाली आणला. "आज व्हिजिटर बंद आहेत ना? उद्या यायला सांगा."

"तुमची आत्या हाय म्हणत्यात. लईच गळ घालत्यात, पाचच मिनटं म्हणत्यात."

सगळे माझ्याकडं बघत होते. आता आत्याला आत घ्यायचं म्हणजे दोन मिनिटांपूर्वीचं बोलणं खोटं पडणार. हेल्मेटखालची नऊवारी, शेंदरानं माखलेली बोटं, 'आमी' आणि 'न्हाई', हे सगळं त्या हॉलच्या दारातून येणार, आणि हेलनबाई किती आनंदानं उठून तिच्याकडं जाणार, हेही मला दिसत होतं. त्याचीच जास्त भीती वाटली. "उद्या, शिंदे," मी म्हणाले आणि रिसीव्हर ठेवला.

"काही अडचण?" हेलनबाईंनी विचारलं.

"नाही नाही. कोणी नाही," मी म्हणाले.

बुधवारी कॅन्टीनच्या खिडकीतून जेसीबी दिसला. करंज आडवा झाला होता आणि त्याची पालवी मात्र तशीच टवटवीत होती, तिला अजून कळलं नव्हतं. मी ताट तसंच ठेवून उठले, पण खाली गेले नाही. दुपारपर्यंत मुरूम पडला. आत्या त्या दिवशी आली नाही. मला हायसं वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला त्या हायसं वाटण्याची वाटते. तिकडं जर्मनीत दगड जमिनीतून वर आले. आमच्याकडं होता तो एक खाली गेला, आणि वर आता ब्रेकचे खोके रचलेले असतात.

त्यानंतर दोन वर्षं मी गावाकडं फिरकले नाही. दिवाळीला बाळूदादाबरोबर फराळ पाठवायची. आत्याचा निरोप यायचा, "चकली खुसखुशीत झाली व्हती म्हणावं." एवढाच.

या वर्षी पुन्हा 'ओळख सप्ताह' आला. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचं ते वसंतोत्सवाचं परत घ्या, छान झालं होतं." मी फाईल उघडली. चार मातीच्या तुकड्यांच्या स्लाइडशी आले आणि पुढं जाता येईना. इंग्लंडच्या विधीत मध कधी आणि तेल कधी, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. आमच्या आईपुढं आत्या काय म्हणायची, हे मला ठाऊक नाही. त्या रविवारी मी एक वही घेऊन गावात गेले.

आत्या बाळूदादाच्या घरामागच्या खोलीत असते. गुडघे गेलेत, एका डोळ्यात मोतीबिंदू. आवाजावरून ओळखलं तिनं. "सुमे व्हय? आज वाट चुकलीस?" कॉटवर सोलापुरी चादर होती, निळ्या चौकटींची. ती हातानं साफसूफ करून म्हणाली, "बस."

मी बसले. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून इंग्लंडपासून केली. चार कोपरे, दूध, सगळ्या पिठांची भाकर. आत्या मन लावून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "त्यांच्यात बी मंगळवारच का?" मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. "आन् त्यांची आई कुटं हाय आता?"

"कुठं नाही, आत्या. एका साधूनं तिच्याबद्दल दोन ओळी लिहिल्यात, तेवढीच उरली."

"दोन तर दोन," ती म्हणाली. "लिवलं तर खरं कुनी."

तेव्हा मला रडू फुटलं. म्हटलं, "आत्या, त्या कागदावर मी..."

"ठावं हाय. बाळ्याकडं मुरमाचं काम व्हतं न्हवं? त्यो म्हनला, आत्या, कंपनीच्या कागदात तितं काय न्हाई असं लिवलंय, सुमीचीच सही हाय. बुधवारी मशिन लागनार. मी बाहेरचा मानूस, कसा हात लावू? सुमीला सांग, ती आतली हाय. म्हून तर आले मंगळवारी."

"निवद घेऊन आली होतीस ना? मला वाटलं, एक दिवस मागं-पुढं..."

"निवद कुटला? आईला घरी आनायला आले व्हते. एवडीशी तर व्हती, घेतली असती काखंत."

"पण शिंदे म्हणाले गाठोडं..."

"गाठुडं न्हाई गं. चादर व्हती. तिला गुंडाळाया." तिनं हात पुढं करून माझ्या मांडीशेजारची घडी चाचपली. "हीच की. बसलीस न्हाई का हिच्यावर."

मी ताडकन उठायला गेले. तिनं मनगट धरलं. "बस. धुतलीया."

बाहेर बाळूदादाची नातवंडं सायकलवरून भांडत होती. मी वही उघडली आणि विचारलं, "तिच्यापुढं तू काय पुटपुटायचीस गं? मंत्र होता का काही?"

"मंतर कुटला येतोय मला." आत्या हसली. "घरातल्या समद्यांची नावं घ्यायचे. सासरी गेल्याल्या पोरींची आदी, परक्या घरात असत्यात म्हून. तुजं समद्यात पयलं असायचं, तू कंपनीत एकटीच न्हवं का."

"अजून घेतेस?"

"न्हाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात, विचारलं म्हणून सांगितलं. "कुनाम्होरं घेऊ?"

वही मांडीवर उघडी होती. मी तिच्यात काही लिहिलं नाही. त्या चादरीवर तशीच बसून राहिले. उठायचीही लाज वाटत होती.